मोटो२ चा विश्वविजेता मोटोजीपीत गेल्यावर एवढा मागे का पडतो?

तुम्ही विचारलंय की खालच्या वर्गात अजिंक्य ठरलेला रायडर वर गेला की एकदम पंधरावा-सोळावा कसा येतो, आणि मोटोजीपी ते सुपरबाइक किंवा उलट जातानाही हे लोक का चाचपडतात. शेवटी दोन चाकं, एक हँडल आणि बहुतेक वेळा तेच ट्रॅक. बरीच वर्षं रेस बघताना मलाही हा प्रश्न छळायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या वाचकांसाठी एवढंच: मोटोजीपी हा ग्रांप्री मोटरसायकल रेसिंगचा सगळ्यात वरचा वर्ग, त्याखाली मोटो२ आणि त्याखाली मोटो३; सुपरबाइक ही दुकानात विकल्या जाणाऱ्या बाइकवर बेतलेल्या बाइकची वेगळी स्पर्धा.

आधी घरातली गोष्ट सांगतो. वडिलांकडे जुनी बुलेट होती, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असणारी. मी कॉलेजला स्प्लेंडरवर जायचो, तिचं सगळं उलट. रिकाम्या रस्त्यावर बुलेट मला छान जमायची. एकदा सातारा रस्त्यावर एक रिक्षा अचानक समोर वळली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. ब्रेक लागलाच नाही, गिअर पडला. डोक्याला सगळं माहीत होतं, पायाला नव्हतं. पुढच्या ब्रेकने वाचलो.

रेसरच्या वीस-पंचवीस लॅपमधलं प्रत्येक वळण म्हणजे ती रिक्षा असते. तिथे विचार करायला वेळ नसतो, शरीरात जे मुरलंय तेच बाहेर येतं. आणि विश्वविजेता कोण होतो? ज्याचं शरीर त्या एका बाइकच्या, त्या एका टायरच्या मापाने सगळ्यात बारीक घडलंय तो. म्हणून माझं मत असं झालंय की खालच्या वर्गात जो जास्त तयार, त्याला वर गेल्यावर मोडावंही जास्त लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१९ चं. त्या वर्षी दोन तरुण एकाच वेळी मोटो२ मधून मोटोजीपीत आले. एक फ्रान्चेस्को बान्याया. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव जवळचं वाटायला हवं, कारण २०१६ मध्ये अॅसनला महिंद्राच्या मोटो३ बाइकला पहिला ग्रांप्री विजय यानेच मिळवून दिला होता. २०१८ मध्ये आठ रेस जिंकून तो मोटो२ चा विश्वविजेता झाला. दुसरा फाबियो क्वार्तारारो. मोटो३ मध्ये त्याला एकही विजय नाही, मोटो२ मध्ये एकच, कातालुन्याचा. दुसरा जपानमध्ये मोतेगीला मिळाला होता, पण मागच्या टायरमधली हवा नियमापेक्षा कमी भरली म्हणून काढून घेतला गेला. २०१८ च्या त्या हंगामात तो दहावा आला.

आता २०१९ मध्ये काय झालं बघा. क्वार्तारारो पहिल्याच मोटोजीपी हंगामात पाचवा आला. सहा वेळा पोल पोझिशन, म्हणजे रेसची सुरुवात पहिल्या जागेवरून, आणि सात वेळा पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत. बान्याया पंधरावा.

एका वर्षात एकाची हुशारी वाढली आणि दुसऱ्याची आटली असं होत नाही. मोटो२ मध्ये सगळ्यांना एकच इंजिन असतं, तेव्हा होंडाचं ६०० सीसी होतं आणि २०१९ पासून ट्रायम्फचं ७६५ सीसी आहे. ताकद १४० हॉर्सपॉवरच्या आसपास. ताकद सारखी असली की सरळ पट्ट्यावर कोणी कोणाला फारसं सोडून जात नाही, म्हणून वेळ वाचवायचा तो वळणातच. वेग सांडू न देता, गोल आणि रुंद रेषेने वळण घ्यायचं. क्वार्तारारोला मिळालेली यामाहा एम१ नेमकी याच सवयीची बाइक होती. इनलाइन, म्हणजे सिलिंडर एका रांगेत असणारं इंजिन, गोड वळणारी. मोटो२ मध्ये शिकलेलं त्याला तिथे बरंचसं वापरता आलं. बान्यायाला डुकाटी मिळाली. तिची रीत वेगळी: शेवटच्या क्षणापर्यंत ब्रेक दाबून धरायचा, वळणाच्या तोंडाशी बाइक जवळजवळ थांबवायची, पटकन फिरवायची, उभी करायची आणि मग अडीचशे हॉर्सपॉवरहून अधिक ताकद मागच्या चाकावर सोडायची. मोटो२ च्या विश्वविजेत्याला ब्रेक कसा लावायचा हे पुन्हा शिकावं लागलं. २०२० मध्ये बर्नोला पाय मोडला आणि त्यातही वेळ गेला. पहिला मोटोजीपी विजय थेट सप्टेंबर २०२१ मध्ये आरागॉनला आला, तोही अनेक वेळच्या विश्वविजेत्या मार्क मार्केझला शेवटच्या लॅप्समध्ये पुन्हा पुन्हा परतवून. नंतर २०२२ आणि २०२३ ची अजिंक्यपदं त्याचीच. पुढे ब्रेकिंग हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद मानली जाऊ लागली.

हा रेषांचा फरक मी स्वतः पाहिलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली तेव्हा मी गेलो होतो. मागच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी जिथे जोरात ब्रेक लागतात, ते वळण समोर दिसत होतं. सकाळी मोटो३ ची पोरं झुंडीने आली आणि वळणातून ओढ्याचं पाणी वळावं तशी निघून गेली. मोटो२ त्याहून थोडी टोकदार. आणि मोटोजीपीच्या बाइक आल्या तेव्हा आधी ब्रेकचाच दणका जाणवला, मागचं चाक हवेत तरळत होतं, मग बाइक जागच्या जागी वळल्यासारखी वळली आणि गेली. एकच वळण, तीन वेगळे व्यवसाय. टीव्हीवर हे कळत नाही.

आता ब्रेक. मोटोजीपीत कोरड्या ट्रॅकवर कार्बनच्या डिस्क असतात. मोटो२, मोटो३ आणि वर्ल्ड सुपरबाइकमध्ये स्टीलच्या. स्टीलची डिस्क थंड असली तरी पकडते, आणि फार तापली की दमते. कार्बनचं उलट: शे-दोनशे अंशांखाली ती धड पकडतच नाही, आणि तापत जाते तशी पकड वाढत जाते. म्हणजे लीव्हरवर तेवढाच जोर दिला तरी ब्रेकिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी मिळणारं बळ वेगळं. बोटांनी दहा वर्षं एक हिशोब पाठ केलेला असतो, तो इथे चुकतो. आणि मोटोजीपीत ३०० च्या वरून ब्रेक लावताना चुकलेला हिशोब थेट वाळूत नेतो.

पण ब्रेकपेक्षाही मोठी गोष्ट टायर. रायडर ट्रॅकशी बोलतो ते टायरमधूनच, आणि प्रत्येक कंपनीच्या टायरची बोली निराळी. सुपरबाइकमध्ये २००४ पासून पिरेली. मोटोजीपीत २००९ ते २०१५ फक्त ब्रिजस्टोन, २०१६ पासून मिशेलिन. मोटो२ मध्ये २०२३ पर्यंत डनलॉप, मग पिरेली. पिरेली जरा मऊ, घसरण्याआधी सांगून घसरते. ब्रिजस्टोन कडक. तिच्यावर आधी पुरेसा भार टाकून ती तापवायची, मगच ती पकड द्यायची. म्हणजे जो जपून चालवेल त्याचा टायर थंड राहणार आणि तोच पडणार. नव्या माणसाला याहून क्रूर कोडं कोणतं घालणार?

तोनी एलिआसचं मला अजून वाईट वाटतं. २०१० मध्ये मोटो२ वर्ग सुरू झाला, त्याचा पहिला विश्वविजेता तो. २००६ मध्ये एस्तोरिलला त्याने व्हॅलेंटिनो रॉसीला ०.००२ सेकंदाने हरवून मोटोजीपी रेस जिंकलेली होती, म्हणजे वरचा वर्ग त्याला नवा नव्हता. तरी २०११ मध्ये होंडावर तो परतला तेव्हा ते कडक ब्रिजस्टोन त्याच्या शैलीने तापेनातच. हंगामात पंधरावा. मेहनतीत कमी पडला असं कोणी म्हणू शकत नाही.

सुपरबाइककडे जाणाऱ्यांचं काय? आल्वारो बाउतिस्ता २०१० ते २०१८ मोटोजीपीत होता, तीन पोडियम, विजय शून्य. २०१९ मध्ये डुकाटीची नवी पानिगाले व्ही४ आर घेऊन तो वर्ल्ड सुपरबाइकमध्ये उतरला आणि पहिल्या सलग ११ रेस जिंकला. लोक म्हणाले, मोटोजीपीचा माणूस आहे, जिंकणारच. मला ते पटलं नव्हतं. ती बाइक मोटोजीपीच्या घडणीच्या फार जवळची होती आणि बाउतिस्ता अंगाने हलका, त्यामुळे दोन्ही जुळलं. तरीही त्या वर्षी तो पुढे वारंवार पडला आणि किताब जोनाथन रेने नेला. बाउतिस्ता २०२२ आणि २०२३ मध्ये विश्वविजेता झालाच. पण २०२३ मध्ये तोच माणूस सेपांगला एका रेसपुरता मोटोजीपीत परतला, तर गुणांतही आला नाही.

उलट दिशेने रेचं बघा. पुढे सहा वेळा सुपरबाइकचा विश्वविजेता झालेला रे २०१२ मध्ये जखमी केसी स्टोनरच्या जागी होंडाच्या कारखाना संघातून दोन रेस धावला. आठवा आणि सातवा. अनेकांनी हे 'साधारण' म्हणून सोडून दिलं. मला विचाराल तर अनोळखी टायर, कार्बन ब्रेक आणि हातात जेमतेम सरावाचे तास, एवढ्यावर ती फार मोठी कामगिरी होती. सुपरबाइकचा विश्वविजेता ट्रॉय बेलिस २००६ मध्ये वालेन्सियाला मोटोजीपीत बदली म्हणून आला आणि थेट जिंकला, हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. पण बेलिस २००३ ते २००५ तीन वर्षं त्याच ९९० सीसीच्या मोटोजीपीत धावलेला होता. त्याच्या शरीरात ती बाइक आधीच होती.

यात वेळेची टंचाई भर घालते. नोव्हेंबरात हंगाम संपला की नव्या बाइकवर एखादा दिवस, मग हिवाळ्याची सरावबंदी, मग फेब्रुवारीत मोजके दिवस, आणि लगेच पहिली रेस. शुक्रवारी दुपारच्या सरावात पहिल्या दहात आलात तरच थेट दुसऱ्या पात्रता फेरीत, जिथे सुरुवातीच्या पुढच्या जागा ठरतात. नाही तर मागून सुरुवात, आणि मागून सुरुवात म्हणजे दुसऱ्यांच्या गरम हवेत पुढच्या टायरमधला दाब वाढणार, पकड कमी होणार. रेमी गार्डनर २०२१ चा मोटो२ विश्वविजेता. मोटोजीपीत त्याला एकच हंगाम मिळाला, २०२२ चा, आणि नंतर तो सुपरबाइकमध्ये गेला. बान्यायाला मिळाली तेवढी वर्षं त्याला मिळाली असती तर, हे मला अजून वाटत राहतं.

शिवाय अलीकडे हातांना आणखी कामं आलीत. वळणातून निघताना बटण दाबून बाइकची मागची बाजू खाली बसवायची, ब्रेक लागला की ती पुन्हा वर येते. वेगात बाइकला लावलेले पंख पुढचं चाक जमिनीवर दाबून ठेवतात, आणि वेग उतरला की तो दाब जातो. सुपरबाइकमध्ये बाइक बसवण्याची ही सोय नाही.

म्हणूनच सध्या माझं सगळं लक्ष तोप्राक राझगात्लिओग्लूवर आहे. २०२१, २०२४ आणि २०२५ चा सुपरबाइक विश्वविजेता, पुढच्या चाकावर उभी राहिलेली बाइक वळणात नेणारा हा तुर्की रायडर २०२६ साठी प्रामॅक यामाहाकडून मोटोजीपीत गेला. त्याचं सगळं कसब पिरेलीच्या पुढच्या टायरवर उभं आहे आणि तिथे मिशेलिन आहे, त्यामुळे पहिल्या हंगामातल्या निकालांवरून त्याची किंमत ठरवू नका. २०२७ मध्ये मोटोजीपीची इंजिनं ८५० सीसीची होणार, बाइक खाली बसवणारी यंत्रणा जाणार आणि टायर पिरेलीचे येणार. तेव्हा जुन्याजाणत्या मार्केझपासून तरुण पेद्रो अकोस्तापर्यंत सगळे एकदम नवी बाइक शिकत असतील, आणि पिरेलीवर वर्षानुवर्षं सुपरबाइक हाकलेला माणूस त्यांच्या शेजारी उभा असेल.