आधी मावशींचे पैसे

"ताई, आमच्या ऑफिसात दर वर्षी सत्यनारायण असतो. प्रसादाचा शिरा नाकारला तर माणसं दुखावतात, खाल्ला तर माझं मन मला खातं. मी चर्चमधली उपासना चुकवत नाही, दशमांश – मिळकतीचा दहावा हिस्सा – चुकवत नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नव्या छपरासाठी शब्द दिलाय, त्याचेही हप्ते वेळेवर भरते. त्यापायी घरकामाच्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे तेवढे राहिलेत, पण त्या समजूतदार आहेत, काही बोलत नाहीत. शिऱ्याचं काय करू?"
– एक भगिनी, अहिल्यानगर (पत्र संक्षिप्त केलं आहे)

प्रिय भगिनी,

तुमच्या मूळ पत्राची दोन पानं शिऱ्यावर आहेत. मावशींच्या वाट्याला एकच ओळ आली, आणि मी तिथेच अडले.

शिऱ्याचं आधी उरकते. बायबलच्या काळात करिंथ शहरातली मंडळी याच पेचात होती, मूर्तीपुढचं अन्न खावं की नाही. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलं, की अन्नामुळे आपली देवाशी जवळीक होत नाही. फक्त आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या विश्वासणाऱ्याला ठेच लागू नये. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचा. मन खातच असेल तर हात जोडून प्रेमाने 'नको' म्हणा. झालं.

आता मावशी. त्यांचे पैसे तुमच्या हातात होते आणि तुम्ही ते दुसरीकडे दिलेत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तोंड उघडत नाही, कारण काम जाईल ही धास्ती असते. घरभाडं, किराण्याची उधारी, पोरांची फी – या दोन महिन्यांत त्यांनी कुणाकुणापुढे हात पसरला, हे एकदा तरी विचारलंत का? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. तिथे कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे, आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोचला आहे. मावशी गप्प राहिल्या तरी त्यांचे पैसे गप्प नाहीत, बाई. ते वचन वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर वेळही नेमून दिली आहे. मजूर आपल्यातला असो की परका, गरिबाची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. तुम्ही साठ सूर्य मावळू दिलेत.

देवाच्याच कामाला दिले, असं तुमच्या मनात येईल. आईवडिलांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभू येशूने काय सुनावलं, ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. दुसऱ्याचं देणं अडवून केलेलं दान त्याने तेव्हाही मानलं नाही.

तेव्हा आज, दिवेलागणीच्या आत, दोन्ही महिन्यांचे पूर्ण पैसे घेऊन मावशींच्या घरी जा. उद्या कामाला आल्यावर देऊ, असं नको, तुम्ही जायचं. अडचणींचा पाढा न वाचता क्षमा मागा. हाताशी नसतील तर उसने घ्या. मागण्याचा संकोच आता तुम्ही सोसा, दोन महिने तो त्यांनी सोसला आहे. छपराचा पुढचा हप्ता उशिरा येईल, हे पाळकांना कळवा. त्यांनी कारण विचारलं तर खरं तेच सांगा.