मागे माणूस बसलं की बाईक खड्ड्यात आपटते. सस्पेन्शन घरच्या घरी सेट करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशात राहता, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ सेकंड हँड घेतलीय, एकटे असलात की ठीक चालते, पण बायको मागे बसली आणि चोर्ला घाटाचा रस्ता लागला की मागची बाजू खड्ड्यात धाडकन आपटते. मेकॅनिक म्हणतो, ‘शॉकअप टाइट करून देतो.’ तुम्हाला विचारायचंय की हे घरी करता येईल का, आणि बाकीचा मेन्टेनन्सही स्वतः जमेल का.

दोन्ही जमेल. मी डिचोलीला राहतो आणि गाडीची बहुतेक कामं घराच्या पडवीतच करतो. पण शॉकअपला पाना लावणं हे शेवटचं काम आहे. त्याआधीच्या चार-पाच गोष्टी बिघडल्या तरी सस्पेन्शनच खराब झाल्यासारखं वाटतं, आणि त्या तशाच ठेवून शॉकअपची रिंग फिरवली तर दोष फक्त झाकला जातो.

पहिली हवा. सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि आकडा वर दिसतो. एकट्यासाठी किती, दोघांसाठी किती, हे मॅन्युअलमध्ये वेगवेगळं दिलेलं असतं. दोघं बसताना एकट्याच्या प्रेशरवर चालवली तर खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो. त्याचा दणकाही शॉकअप आपटल्यासारखाच लागतो, आणि या गाडीत ट्यूब असल्यामुळे पंक्चर होतं ते वेगळं. हवा तपासताना स्पोकवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक करत चाक फिरवा. घट्ट स्पोकचा आवाज टणटणीत येतो, सैल असलेला ठप्प बोलतो. दोन-चार सैल असले तर रिम आउट म्हणजे वाकडी होण्याआधी चाक ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्या. ते काम मात्र चाकवाल्याकडेच द्या.

मग चेन. तुमच्या दुखण्याशी हिचा संबंध मोठा आहे आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. गाडी खाली दबते तसा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट, मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर बघून ‘बरोबर’ वाटलेली चेन दोन माणसं बसल्यावर तारेसारखी ताठ होऊ शकते. तशी झाली तर शॉकअपला आणखी खाली जायला जागाच राहत नाही. मागून दणका बसतो, आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर भार येतो तो वेगळाच. म्हणून मॅन्युअलप्रमाणे ढील ठेवल्यावर एकदा दोघांना बसवून खालच्या बाजूला बोट लावून बघा. थोडी तरी हलली पाहिजे. ढील मोजताना चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरा.

चेन साफ करायला रॉकेल किंवा दुकानात मिळणारा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरू नका, त्याने चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. धुतल्यावर कोरडी पुसायची आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं. रात्री करून ठेवलं तर सकाळपर्यंत मुरतं, आणि जास्तीचं पुसून टाकता येतं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्या पाण्यात कुठलंही चेन ऑइल फार दिवस टिकत नाही.

तिसरं, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर, सरळ रेषेत, किंचित अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेत, कोनसेट बदलायचा. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. खटखट लागली तर सैल आहे. सेकंड हँड गाडीत हे हमखास तपासावं.

चौथं, स्विंगआर्म आणि लिंकेज. तुमच्या गाडीचा मागचा शॉकअप थेट स्विंगआर्मला जोडलेला नाही, मध्ये लिंकेज, म्हणजे जोडपट्ट्या, आहे, आणि त्यात बेअरिंग आहेत. हे सगळं मागच्या चाकाच्या पुढ्यातच येतं, म्हणजे चिखल थेट त्याच्यावर. आपली चिऱ्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळली की कानशीचं काम करते. त्यात वॉटर सर्व्हिसिंगवाल्याने प्रेशर जवळून मारलं तर उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. तपासायला सोपं आहे: गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचलायचं. लगेच वजन हाताला लागलं तर ठीक. आधी टकक् करून थोडं रिकामं वर आलं आणि मग वजन लागलं तर लिंकेजचे बुश किंवा बेअरिंग झिजलेत. मग चाक डावी-उजवीकडे ढकलून बघा, तिथे खेळ जाणवला तर स्विंगआर्म किंवा चाकाचं बेअरिंग बघायचं.

लिंकेज उघडून ग्रीस करणं घरी होतं. चाकाखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे बोल्ट काढताना स्विंगआर्म खाली लोंबणार नाही. बोल्ट कुठल्या बाजूने आत गेलाय त्याचा फोटो काढून ठेवा. आत साधं चांगलं लिथियम ग्रीस भरा आणि परत बसवताना टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) वापरा. पान्याला पाइप लावून आवळायची आपल्याकडे सवय आहे, त्यानेच आटे जातात. महागड्या पाना सेटआधी एक बरी टॉर्क रेंच घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

इतकं झाल्यावरच शॉकअपकडे वळायचं, आणि तेही टेप हातात घेऊन.

‘टाइट करणं’ म्हणजे प्रीलोड वाढवणं. त्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, रिंग फिरवून तो बदलत नाही. रिंगने होतं एवढंच की वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते ते बदलतं, म्हणजे खड्डा यायच्या आधी तुमच्याकडे किती ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायची जागा) शिल्लक राहते ते. या खाली बसण्याला सॅग म्हणतात, आणि सॅग मोजल्याशिवाय रिंग फिरवणं म्हणजे अंदाजपंचे काम.

मोजायला तीन माणसं लागतात: एक बसणारा, एक गाडी धरणारा, एक मोजणारा. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, बॉडीवर मास्किंग टेपची पट्टी लावून पेनने रेघ मारा. पहिलं माप मेन स्टँडवर, चाक हवेत लोंबत असताना: अ‍ॅक्सल ते रेघ. दुसरं, गाडी जमिनीवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं, तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट घालून, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेले. तुम्हाला चौथंही घ्यायचंय, दोघं बसून, बॅग लावलेली असेल तर तिच्यासकट. प्रत्येक माप दोनदा घ्या: एकदा गाडी खाली दाबून सावकाश वर येऊ द्यायची, एकदा किंचित वर उचलून सावकाश खाली बसू द्यायची, आणि मधला आकडा धरायचा. बुश आणि सील यांच्या घर्षणामुळे दोन्ही आकडे सारखे येत नाहीत. फरक फारच मोठा आला तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, परत लिंकेज बघा.

समजा पहिलं माप ६१० मिमी, दुसरं ५९२, तिसरं ५५२, चौथं ५२६ आलं. या गाडीच्या मागच्या चाकाची ट्रॅव्हल १८० मिमी आहे. तुम्ही एकटे बसल्यावर ५८ मिमी गेली, म्हणजे ३२ टक्के. आपल्या रस्त्यांवर अशा गाडीला ३० ते ३३ टक्के चांगले, म्हणून एकटे असताना ठीक वाटतं. दोघं बसल्यावर ८४ मिमी गेली, जवळजवळ ४७ टक्के. निम्मी ट्रॅव्हल बसल्याबसल्याच संपली, मग खड्ड्यात आपटणारच. इथे प्रीलोड वाढवणं बरोबर आहे. रिंग स्प्रिंगच्या टोकाला असते, काही शॉकअपना खाचांची, काहींना आट्यांची आणि वर लॉक रिंग असलेली. आट्यांची असेल तर फिरवण्याआधी ते ब्रशने साफ करून थोडं ऑइल सोडा, लाल मातीत फिरवली तर आटे खराब होतात. थोडं फिरवायचं, परत मोजायचं, वहीत लिहायचं. दोघांचं सॅग ६० ते ६५ मिमीच्या आसपास आलं की थांबा. एकटे फिराल तेव्हा रिंग पूर्वीच्या जागी आणा, म्हणून दोन्ही जागा लिहून ठेवायच्या.

आता दुसऱ्या मापाकडे परत या, कारण स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे की नाही ते तिथे कळतं. दोघांचं सॅग बरोबर आणलंत, पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली बसत नसेल, स्टँडवरून उतरवूनही माप ६१०च राहत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण विचार करून बघा: मऊ स्प्रिंगला आधीच इतकं दाबून ठेवावं लागलं की गाडीचं वजन तिला हलवूच शकत नाही. अशा गाडीचं मागचं चाक ब्रेक मारताना आणि उंचवट्यावरून उतरताना चटकन जमीन सोडतं. पावसाळ्यात ओल्या घाटाच्या उतारावर ते धोक्याचं आहे. रिकाम्या गाडीने १० ते २० मिमी तरी खाली बसलंच पाहिजे.

मागची उंची वाढली की दोन गोष्टी आपोआप बदलतात. हेडलाइटचा झोत खाली पडतो, तो परत लावायचा. आणि हँडल थोडं चपळ होतं, ते पहिल्या दिवशी सावकाश चालवून अंगवळणी पडू द्या. पुढच्या फोर्कला या गाडीत फिरवायला काही नाही. तरी अ‍ॅक्सल ते खालचा टी (फोर्कचे दोन्ही पाय एकत्र धरणारा खालचा तुकडा) असं मोजून ठेवा. २०० मिमीतले ६० ते ६५ खाली गेले तर छान, त्याहून बरंच जास्त आणि ब्रेक मारताना नाक खुपसत असेल तर आधी फोर्क ऑइल बदला. सेकंड हँड गाडीत ते कधी बदललंय याचा भरवसा धरू नका. रबराचे बूट वर सरकवून सीलजवळ तेलाचा ओला पट्टा दिसतो का बघा.

सॅग बरोबर असूनही आपटली, तर डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचं हिंदकळणं थांबवणारा तेलाचा अडथळा, गेलंय. सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा हिंदकळली तर शॉकअपच्या आतलं तेल दमलंय. शॉकअप घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, आणि गॅस भरलेल्या शॉकअपला घरी हात लावायचाच नाही.

बाकी मेन्टेनन्सचं म्हणाल तर मी वर्षात दोन मोठी कामं ठरवलीत. मे संपता संपता ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, वायरिंगच्या जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि केबल. दसऱ्याला गाडी पुजायची असतेच, तर त्याच्या आधीच्या रविवारी लिंकेज, कोनसेट, चाकाची बेअरिंग आणि एअर फिल्टर, म्हणजे पावसाने केलेलं नुकसान लगेच दिसतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच. डॉट ४ प्रकारचं हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि आपल्या दमट हवेत पाणी मुरायला वेळ लागत नाही. घाट उतरताना लिव्हर मऊ लागायला लागला तर हेच कारण बघा. समुद्रकिनारी गाडी नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, प्रेशर न लावता, धुवा. खारी हवा स्पोक आणि बोल्ट आधी खाते.

आणि एक कळकळीची विनंती. काढलेलं इंजिन ऑइल परसात ओतू नका. आपली जमीन चिऱ्याची, सच्छिद्र आहे. परसात ओतलेलं तेल झिरपत विहिरीला लागायला वेळ लागत नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते भंगारात जातं.

मेकॅनिकला आत्ता एवढंच सांगा की शॉकअपला हात लावू नको. या रविवारी वरची तपासणी करा आणि चारही मापं इथे कमेंटमध्ये टाका, तुमचं आणि बायकोचं हेल्मेट-जॅकेटसकट वजनही लिहा. स्प्रिंग बदलायला हवी की नुसती रिंग पुरेल, ते त्यावरून सांगता येईल.