किनाऱ्यावरून डाइव्ह करताना मोठे मासे दिसतात, पण बारीक जीव नजरेलाच पडत नाहीत. कसे शोधायचे?

आधी वेग कमी करा, अगदी थांबाच. एक छोटा खडक निवडा आणि पाच मिनिटं फक्त तोच न्याहाळा.

प्राणी शोधण्यापेक्षा त्याचं खाणं शोधा. न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई, बहुतेकदा स्पंज किंवा हायड्रॉइडवरच (दोन्ही खडकाला चिकटून वाढणारे साधे प्राणी) सापडतात. खडकावर फितीसारखी गुंडाळी चिकटलेली दिसली तर ती त्यांची अंडी असू शकतात. आजूबाजूला नीट बघा.

दिवसाही टॉर्च न्याच. पाणी लाल रंग आधी शोषतं, त्यामुळे करडा वाटणारा ठिपका प्रकाशात एकदम केशरी निघतो.

वाळूला मोकळी समजून पुढे जाऊ नका. उष्ण समुद्रांत बिळाच्या तोंडाशी गोबी मासा पहारा देताना दिसेल. मागे पिस्टल कोळंबी वाळू उपसत असते, तिची एक मिशी कायम माशाला टेकलेली. मासा शेपूट हलवतो आणि ती क्षणात आत! हे बघायला मला कधीच कंटाळा येत नाही. दोन-तीन मीटरवर स्थिर राहा, श्वास संथ ठेवा, ती परत येते.

तरंगण्यावर ताबा नसेल तर आधी तो कमवा. पायातल्या फिनने गाळ उडाला की काहीच दिसत नाही, शिवाय त्या जिवांनाही इजा होते. हात तर लावूच नका.