मध्यम आकाराची एसयूव्ही काही वर्षं वापरल्यावर किती भरवशाची आणि किती आरामदायी वाटते?

तुम्ही लिहिलंय की राहायला पुण्यात, ऑफिस सात किलोमीटरवर, महिन्या-दोन महिन्यांनी आई-वडिलांना घेऊन रत्नागिरीला जाणं, आणि मनात क्रेटा डिझेल, हॅरिअर आणि स्कॉर्पिओ-एन. माझं राहणंही पुण्यातच आणि गाव मालवणकडे. बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) लागू झाल्यावर थोड्याच दिवसांत याच वर्गातली एक डिझेल मॅन्युअल गाडी घेतली, ती आता लाख किलोमीटरच्या घरात आली आहे आणि बहुतेक वेळा मीच चालवते. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गाडीवरून अख्ख्या मॉडेलला नावं ठेवणं किंवा डोक्यावर घेणं मला पटत नाही, आणि खाली जे त्रास लिहिलेत ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत येऊ शकतात.

तिन्हींतली कुठली, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी डिझेल घ्यायचं की नाही ते ठरवा. तुमचे रोजचे सात किलोमीटर हेच या गाडीच्या भरवशाचं काय होणार ते ठरवतील.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो. धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून त्याला साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला रीजनरेशन म्हणतात. ते पुरं व्हायला गाडी न थांबता पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. संध्याकाळी कर्वे रोडवर किंवा सिंहगड रोडवर हे कसं जमणार? रीजनरेशन सुरू होतं, आपण घरी पोहोचतो, गाडी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला थोडं डिझेल सिलिंडरच्या कडेने उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते ऑइल पातळ झालेलं असतं आणि लवकर बदलायला हवं.

घरून काम चालू होतं त्या काळात माझी गाडी फक्त भाजी आणि औषधं आणायला बाहेर पडत होती. तेव्हा डीपीएफचा दिवा लागला. एका सर्व्हिस सेंटरने न बघताच फिल्टर बदलायला सांगितला आणि खर्चाचा आकडा ऐकून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या ठिकाणी संगणक जोडून फोर्स्ड रीजनरेशन केलं, ऑइल बदललं, आणि गाडी बरी झाली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा खेड शिवापूरपर्यंत एक गिअर खाली ठेवून, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर फिरेल अशी गाडी नेऊन आणते. पुन्हा दिवा लागलेला नाही. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर दिसले, पंखा मोठ्याने फिरत असला आणि स्क्रीनवरचं ॲव्हरेज एकदम पडलं, तर रीजनरेशन चालू आहे असं समजा आणि जमलं तर तेव्हा गाडी बंद करू नका. ऑइलही डीपीएफसाठीचं, कमी राख सोडणारंच घाला. मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेला असतो. गॅरेजवाला "सगळी सारखीच असतात" म्हणाला तरी ऐकू नका.

दर आठवड्याला अशी चक्कर मारायची तुमची तयारी आहे का? नसेल तर क्रेटा पेट्रोलमध्ये बघा. टर्बो इंजिनाच्या जादा ताकदीची गरज नसेल तर साधं १.५ पेट्रोल शहरात फार शांत चालतं. नाहीतर मारुतीच्या ग्रँड व्हिटाराचं किंवा टोयोटाच्या हायरायडरचं स्ट्राँग हायब्रिड बघा, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही गाडी ओढते. शहराच्या ट्रॅफिकमध्ये त्यांचं इंजिन बराच वेळ बंदच असतं, आणि हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६० लाख किलोमीटरची वॉरंटी मिळते. बॅटरी मागे असल्यामुळे डिकी मात्र लहान होते. गावाहून येताना आंब्याच्या पेट्या, नारळ, तांदूळ आणायचे असतील तर रिकामी डिकी उघडून बघाच. घाट चढताना तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज आत येतो, तोही एकदा ऐका.

माझ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि टर्बो यांनी आजवर काहीही त्रास दिलेला नाही. खर्च झाला तो आजूबाजूच्या गोष्टींवर. पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर) आणि लिंक रॉड गेले. स्पीडब्रेकरवर पुढून खट्-खट् आवाज यायला लागला तेव्हाच कळलं. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवरून आणि कोकणातल्या पावसाळी खड्ड्यांतून नेलेल्या गाडीचं हे व्हायचंच. चौथ्या वर्षी बॅटरी बदलली. मागचा कॅमेरा मध्येच काळा पडायचा, त्याचा कनेक्टर बदलावा लागला. टचस्क्रीन दोन-तीनदा अडकली आणि अपडेटनंतर सुधारली. आजच्या एसयूव्हीत रुसतात ते सेन्सर, कनेक्टर आणि स्क्रीन. म्हणून वाढीव वॉरंटी घ्याच, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स धरलं आहे का ते कागद वाचून बघा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

गावी जाणाऱ्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण शोरूममध्ये त्या कुणी बोलत नाही. पहिली, उंदीर. गावच्या अंगणात किंवा खळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायर कुरतडतात. पावसाळ्यात तर हमखास. मी गाडी रोज एकदा तरी चालू करते, रात्री बॉनेट उघडं ठेवते आणि आजूबाजूला धान्य, पेंड काही ठेवू देत नाही. निघण्याआधी टॉर्च घेऊन वायरींवरून एकदा नजर फिरवते. दुसरी, गंज. खारा वारा आणि लाल चिखल दोन्ही गाडीच्या पोटाला चिकटून बसतात. चाकांच्या वरच्या खाचांत माती साठते आणि ओल धरून ठेवते. परत आल्यावर वरून गाडी चकाचक नसली तरी चालेल, पण खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या. समुद्राच्या वाळूत तर गाडी नेऊच नका.

आता आराम. चालवणाऱ्याला आरामदायी वाटलेली गाडी मागच्या माणसाला तशीच वाटेल असं नाही. माझ्या आईला गाडी लागते. पुढच्या सीटवर मला जे मऊ आणि छान वाटायचं, तेच मागे बसून फोंडा घाटातल्या वळणांवर तिला सहन होत नव्हतं. तुम्ही रत्नागिरीला आंबा घाटाने जा नाहीतर कुंभार्लीने, वळणं चुकत नाहीत. गाडी उंच, त्यात सस्पेन्शन मऊ असलं की ती डावी-उजवीकडे झुलते, आणि त्या झुलण्याने मळमळतं. थोडं कडक सस्पेन्शन शहरातल्या खड्ड्यांत टोचतं, पण घाटात आणि हायवेला माणसं ताजीतवानी उतरतात.

स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली आहे; क्रेटा आणि हॅरिअर मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच. लॅडर फ्रेम मोठा खड्डा बिनधास्त पचवते, मात्र लहान लहान उंचवट्यांवरून जाताना मागच्या सीटवर हलका थरथराट कायम जाणवतो. स्कॉर्पिओ-एन जुन्या स्कॉर्पिओपेक्षा कितीतरी सुधारली आहे, आणि गावचा शेवटचा रस्ता कच्चा, चढाचा असेल तर मी तिलाच पसंती देईन. पण तिच्यात चढायला पाय चांगलाच वर उचलावा लागतो. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिच्यासाठी मी जी गाडी निवडली ती सीटच्या उंचीवर निवडली: सीट कमरेच्या पातळीला हवी, म्हणजे नुसतं टेकून पाय आत घेता येतो. क्रेटा यात सगळ्यांत सोयीची आहे. हॅरिअर रुंद आहे, मागे तिघं मोकळेपणी बसतात, पण तिलाही थोडं चढावंच लागतं.

टॉप मॉडेलच्या मोठ्या चाकांना भुलू नका. हॅरिअरचं उदाहरण घ्या. १७ इंची चाकाला २३५/६५ टायर, १८ इंचीला २३५/६० (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते). टायरच्या कडेची उंची काढली तर पहिल्याची साधारण १५३ मिलिमीटर, दुसऱ्याची १४१. म्हणजे खड्डा आणि तुमची कंबर यांच्यामधलं सेंटिमीटरभर रबर कमी झालं. क्रेटात १६ इंचीचं २०५/६५ आणि १७ इंचीचं २१५/६० यांत फरक जेमतेम चार मिलिमीटरचा आहे, तिथे काळजीचं कारण नाही. हवेचंही तसंच. माझ्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय आणि पंपावर न विचारता ३८-४० भरतात. हवा स्वतः तपासायला लागल्यापासून गाडी इतकी बदलली की आईने न सांगता ओळखलं.

पॅनोरामिक सनरूफचे पैसे वाचवून हवेशीर सीट (आतून हवा खेळवणाऱ्या) मिळत असतील तर त्या घ्या. एप्रिल-मे मध्ये कऱ्हाडपासून पुढे पाठ घामाने भिजत नाही, याचं मोल सनरूफपेक्षा मला जास्त वाटतं.

घेण्याआधी रत्नागिरीत त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि तिथे पार्ट किती दिवसांत येतात, हे तिथल्याच एखाद्या मालकाला विचारा. पुण्यात सगळंच मिळतं. आणि टेस्ट ड्राइव्हला आई-वडिलांना न्या. सेल्समन तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून एक फेरी मारून आणेल, तेवढ्यावर सही करू नका. त्याला सांगा की तासभर गाडी हवी, कात्रजच्या जुन्या घाटात न्यायची आहे. जाताना तुम्ही चालवा, येताना चावी दुसऱ्याकडे देऊन वडिलांशेजारी मागे बसा.