कर्ज फेडू की एफडी ठेवू? घरात किडनीचं दुखणं असताना

नमस्कार ताई,

तुम्ही सांगलीहून लिहिलंय की मिस्टर 38 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी बायोप्सीत आयजीए नेफ्रोपथी (किडनीच्या गाळण्या हळूहळू खराब करणारा आजार) निघाली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.7 आहे आणि 24 तासांच्या लघवीत दीड ग्रॅम प्रोटीन जातंय. घरकर्ज साडेअकरा लाख उरलंय, व्याज साडेआठ टक्के. बारा लाखांची एफडी मोडून कर्ज फेडावं का, म्हणजे उद्या काही झालं तर डोक्यावर छप्पर तरी राहील?

तुमचा जीव का घाबरतोय ते कळतं मला. तरीही सगळी एफडी मोडू नका.

आकडेमोड कर्ज फेडण्याच्याच बाजूने आहे, हे आधी मान्य करतो. एफडीवर पावणेसात टक्के, त्यातून कर गेला की जेमतेम साडेपाच. वर्षाला 35 हजारांचा फरक, म्हणजे महिन्याला तीन हजार. पैसा हाताशी ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती मोजावी. घरात घातलेला पैसा परत काढायला गेलं की बँक पगाराची स्लिप मागते. माझ्या मावसभावाने याच आजारात कर्ज फेडून टाकलं होतं. ट्रान्सप्लांट ठरलं तेव्हा तो बिनपगारी रजेवर होता, टॉप-अप लोन, म्हणजे घरकर्जावरचं वाढीव कर्ज, नाकारलं गेलं. वहिनी रुमालात पाटल्या बांधून सराफाकडे गेल्या, मी सोबत होतो.

तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्टच्या खात्यात बदलून मिळेल का, हे बँकेत विचारा. त्यात चार-पाच लाख ठेवले की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि गरज पडली तर काढताही येतात. उरलेल्याच्या एक-एक लाखाच्या एफडी करा.

रोख लागेल ती मुख्यतः औषधांना. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक अ‍ॅडमिट झाल्यावरच उपयोगी पडतो, रोजच्या गोळ्या खिशातूनच. या आजारावर अमेरिकेत 2023 मध्ये स्पार्सेन्टन, 2024 मध्ये इप्टाकोपॅन, 2025 मध्ये अट्रासेन्टन मंजूर झालं. मिस्टरांना काय लागेल ते नेफ्रॉलॉजिस्टच ठरवतील. पण आजच्या किमती बघून धीर सोडू नका. किडनीच्या आजारातच वापरतात त्या डापाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट 2020 मध्ये भारतात संपलं आणि कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानात आल्या.

स्वतंत्र आरोग्य विम्याचा अर्ज आत्ताच करा, आजार न लपवता. जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, तो काळ नोकरी असतानाच सुरू झालेला बरा. एखादी विमा कंपनी नाकारेलही, तर दुसरीकडे करा.

आणि छपराचं. कर्ज घेताना बँकेने त्याला जोडून जीवनविमा दिला होता का? तेव्हा आजाराचं निदान झालेलं नव्हतं. ती पॉलिसी चालू असेल तर मिस्टरांच्या माघारी उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते, आणि कर्ज आधीच बंद केलं तर ते संरक्षणही जाऊ शकतं. कपाटातली कर्जाची फाईल काढून तो कागद शोधा आणि मला पाठवा. तो बघितल्याशिवाय बँकेत कशावरही सही करू नका.