काट्यावर वजन तेवढेच, तरी अंग उतरले: यकृताच्या कर्करोगात स्नायूंचे महत्त्व

नमस्कार. आपला प्रश्न सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार आहे. आपले वडील साठी ओलांडलेले, माळकरी आहेत आणि खानापूर तालुक्यात गावी राहतात. त्यांना सिरोसिस (यकृतात व्रण होऊन ते कडक होण्याचा आजार) आणि त्यातच यकृताचा कर्करोग आहे. गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करण्याचा उपचार, ज्याला दवाखान्यात सगळे ‘टेस’ म्हणतात, तो बेळगावात झाला आहे. पोटात मध्यम प्रमाणात पाणी आहे आणि दोन्ही पाय सुजतात. वजन पूर्वीइतकेच, ५८ किलो आहे. पण दंड आणि मांड्या उतरल्या आहेत. डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून “स्नायू फार कमी झाले आहेत” असे सांगितले, तर घरातील वडीलधारी मंडळी डाळ आणि दूध बंद करून नुसत्या पेजेवर ठेवा म्हणतात. स्नायूंचा आयुष्याशी खरोखर संबंध आहे का आणि ऐकायचे कोणाचे, असे आपण विचारले आहे. बेळगाव परिसरात आहारतज्ज्ञ म्हणून यकृताच्या रुग्णांसोबत बरीच वर्षे काम केल्यामुळे मी ठामपणे सांगते की डॉक्टरांचे ऐका आणि पेजेचा बेत आजच सोडून द्या.

प्रथम वजनाविषयी. पोटात पाणी असलेल्या माणसाचे वजन काट्यावर दिसते तेवढे धरायचे नसते. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाणी थोडे असेल तर ५ टक्के, मध्यम असेल तर १० टक्के आणि खूप असेल तर १५ टक्के वजन वजा करतात; दोन्ही पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के कमी करतात. या हिशेबाने वडिलांचे खरे वजन ४९ किलोच्या आसपास येते. म्हणजे उपचारांपूर्वी पाणी नसताना ते ५८ किलो होते असे धरले, तर सुमारे नऊ किलो अंग गेले आणि त्याची जागा पाण्याने भरून काढली. घरच्यांना “वजन टिकून आहे” असे वाटते ते यामुळेच, आणि याच समजुतीने महत्त्वाचे महिने हातचे जातात. दर आठवड्याला वजनाबरोबर बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. पोटाचा घेर वाढतो आहे आणि दंडाचा घटतो आहे, असे दिसले की काट्यावरच्या आकड्याने समाधान मानण्याचे कारण उरत नाही.

आता सीटीवर स्नायू कसे दिसतात ते सांगते. गाठीसाठी जो स्कॅन होतोच, त्यातच कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घेऊन पोट, पाठ आणि कंबरेचे सगळे स्नायू मिळून किती चौरस सेंटिमीटर भरतात ते संगणकावर मोजता येते आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले जाते. जपानच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पुरुषांसाठी ४२ आणि स्त्रियांसाठी ३८ ही मर्यादा ठरवली; आकडा याखाली गेला तर स्नायू कमी मानतात. उत्तर अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांवरून पुरुषांसाठी ५० आणि स्त्रियांसाठी ३९ धरतात. आपल्या लोकांची शरीरयष्टी वेगळी असल्यामुळे या आकड्यांपेक्षा त्याच माणसाच्या जुन्या आणि नव्या स्कॅनची तुलना मला अधिक मोलाची वाटते. त्याच कापात स्नायूंचा दर्जाही कळतो: ज्या स्नायूत चरबी शिरलेली असते तो स्कॅनमध्ये अधिक काळपट दिसतो, आणि आकाराने पुरेसा असला तरी ताकदीला कमी पडतो.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. गाठ शस्त्रक्रियेने काढलेल्या, सुईने जाळलेल्या, टेस झालेल्या, सोराफेनिबसारख्या कर्करोगाच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या, अशा सर्व गटांतील रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत उपचारांच्या सुरुवातीला ज्यांचे स्नायू कमी होते त्यांचे आयुर्मान सरासरीने कमी आढळले आहे. गोळ्यांचे त्रासदायक परिणामही अशा रुग्णांत जास्त होतात, मग मात्रा कमी करावी लागते किंवा औषध थांबवावे लागते. मात्र हा संबंध वाचताना सावध राहायला हवे. ज्याचे यकृत जास्त बिघडले आहे त्याचेच स्नायू जास्त झडतात. त्यामुळे आयुष्य कमी होण्यात स्नायूंचा वाटा किती आणि यकृताचा किती, हे पूर्ण वेगळे करता येत नाही. स्नायू वाढवले की कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य अमुक इतके वाढते, असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि तसे आश्वासन देऊन पावडरीचे डबे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण पुढचा उपचार सोसण्याची ताकद, पडण्याचा धोका, जंतुसंसर्ग झाला तर त्यातून बाहेर येणे, हे सगळे स्नायूंवर अवलंबून असते, आणि स्नायू ही आपण घरी बसून हात घालू शकतो अशी गोष्ट आहे. यकृताबाबत तसे म्हणता येत नाही.

स्नायू का झडतात हे समजले तर पेजेचा सल्ला किती घातक आहे ते आपोआप कळेल. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवते. सिरोसिसच्या यकृताची ही कणगी लहान होते आणि मध्यरात्रीच रिकामी पडते. मग शरीर स्नायू मोडून त्यातून साखर तयार करते. रात्रभराचा उपवास अशा माणसाच्या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा पडतो. शिवाय यकृताला न झेपणारा अमोनिया निकामी करण्याचे बरेचसे काम स्नायू करतात, आणि वाढलेला अमोनिया उलट स्नायूंची वाढ रोखतो. म्हणजे स्नायू घटले की अमोनिया वाढतो आणि अमोनिया वाढला की स्नायू आणखी घटतात. “डाळ-दुधाने डोक्यावर परिणाम होतो” ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. २००४ मध्ये स्पेनमध्ये यकृतामुळे भ्रम झालेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रथिने कमी करून काहीच फायदा झाला नाही, उलट स्नायूंची मोडतोड वाढली. तेव्हापासून प्रथिने तोडण्याचा सल्ला मागे पडला. गावाकडे मात्र तो अजून टिकून आहे. भ्रमासाठी लॅक्टुलोजचे औषध दिले असेल तर ते नियमित चालू ठेवा, ताटातील डाळ कमी करू नका.

मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाला दर किलो खऱ्या वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे वडिलांना ६० ते ७४ ग्रॅम. माळकरी माणसाला अंडी-मटणाशिवाय हे जमते. तीन मध्यम ज्वारीच्या भाकऱ्यांतून साधारण १८ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण, हुलग्याची किंवा मटकीची उसळ यांतून १४, दोन पेले दुधातून १३, वाटीभर दह्यातून ५, ५० ग्रॅम पनीरमधून ९ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७, असे ६६ होतात. वरण घट्ट हवे. वरचे पाणी वाढून खालची डाळ इतरांच्या ताटात गेली तर हा हिशेब खोटा ठरतो. शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष स्वतःच यकृताच्या कर्करोगाचे एक कारण आहे. पोटात पाणी असल्याने दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे आहे. लोणचे, पापड आणि खारट चटणी बाजूला ठेवली की यातला बराच भाग साधतो.

रात्री झोपताना काहीतरी खायला देणे ही मी सर्वांत आग्रहाने सांगत असलेली गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये सुमारे १०० सिरोसिसच्या रुग्णांना तेच पूरक अन्न निम्म्यांना दिवसा आणि निम्म्यांना रात्री दिले गेले; रात्री घेणाऱ्यांच्या अंगात वर्षभरात साधारण २ किलो मांस भरले, दिवसा घेणाऱ्यांच्या अंगात तसा फरक पडला नाही. ही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सिरोसिसच्या रुग्णांवरची आहे, पण वडिलांना सिरोसिसच असल्यामुळे तिचा विचार करायलाच हवा. दहा वाजता दूध-नाचणीची घट्ट खीर किंवा दुधात कुस्करलेली भाकरी द्या आणि सकाळी उठल्या उठल्या, आंघोळ-पूजेची वाट न पाहता, पुन्हा काही द्या. मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

एकादशीविषयी आपण संकोचून लिहिले आहे. वडिलांना एकादशी मोडायला सांगू नका, पण निर्जळी करू देऊ नका. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्याऐवजी राजगिरा, दूध, दही, पनीर आणि दाण्यांचे कूट दर तीन-चार तासांनी द्या. घरच्यांच्या सांगण्यापेक्षा फडावरच्या महाराजांनी आजारी माणसाला दिलेली सवलत वडील लवकर मानतील, असा माझा अनुभव आहे.

अंगावर थोडी चरबी असलेली बरी का, असेही आपण विचारले आहे. चरबी कुठे आहे यावर ते अवलंबून असते. कातडीखालची चरबी अशा आजारात राखीव शिधोरीसारखी उपयोगी पडू शकते. आतड्यांभोवतीची चरबी मात्र काही अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा येण्याशी जोडलेली आढळली आहे. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांच्याही पोटात चरबी असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. तेव्हा तूप-साखर वाढवून वडिलांचे वजन वाढवण्याचा प्रयत्न करू नका.

नुसते खाऊन स्नायू भरत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगा आणि घड्याळ लावा. आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर ताकद कमी आहे. हाच पुढे व्यायामही करा, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन, रोज दोन-तीन वेळा. जेवणानंतर अंगणात किंवा वाडीच्या रस्त्यावर सोबत घेऊन चालवा. अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतील किंवा बेंबीला हर्निया असेल तर वजन उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. भ्रम, काळी शी, ताप किंवा पोटदुखी झाली तर आहार-व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या भेटीला जाताना आतापर्यंतच्या सगळ्या सीटींच्या सीडी आणि मापांची वही सोबत न्या. पुण्या-मुंबईला दुसरे मत घ्यायचे ठरले तरी तीच पिशवी लागेल. नुसता कागदी अहवाल पुरत नाही, कारण त्यात बहुधा गाठीचीच मापे असतात. तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू पहिल्या स्कॅनपासून किती घटले, पुढच्या टेसपूर्वी आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टची भेट होऊ शकेल का, आणि पोटातले पाणी काढले तर त्यासोबत जाणारी प्रथिने भरून काढण्यासाठी काय करायचे, हे तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.