ऊन लागले आहे की उष्माघात झाला आहे, हे घरच्यांनी कसे ओळखावे?

वखरणीहून परतलेल्या आपल्या वडिलांचे डोके दुखते, त्यांना मळमळते, आणि हा थकवा आहे की उष्माघात, असे आपण विचारले आहे. मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. घाम थांबून अंग कोरडे पडले तरच उष्माघात, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. घरात पडून असलेल्या वृद्धांत तसे दिसते खरे. पण उन्हात कष्ट करणाऱ्याला अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो. म्हणून घामापेक्षा माणसाच्या भानाकडे पाहावे.

डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, पोटऱ्यांत गोळे, गडद पिवळी लघवी ही ऊन लागल्याची लक्षणे आहेत. सावलीत निजवून ओआरएस घोट घोट द्यावे. तासाभरात उतार न पडल्यास दवाखाना गाठावा.

मात्र वडील असंबद्ध बोलू लागले, उगाच चिडू लागले, त्यांचा तोल जाऊ लागला, बैल कुठे बांधले एवढ्या साध्या प्रश्नालाही त्यांना नीट उत्तर देता येईना, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजून १०८ ला फोन करावा. अशा वेळी शरीराच्या आतले तापमान बहुधा ४० अंश सेल्सियसच्या वर असते, परंतु काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवतो. त्याच्या आकड्यावर विसंबू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहत न थांबता अंगावर पाणी ओतावे, पंखा लावावा, मानेवर, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. तळपायांना कांद्याचा रस चोळण्यात वेळ दवडू नये. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

पारा फार चढलेला नसला तरी धोका असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हातील सोहळ्यानंतर माणसे दगावली, तेव्हा तापमान विदर्भातल्या मे महिन्याइतके नव्हते. तिथल्यासारख्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही.

वडिलांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते. त्या गोळ्या परस्पर बंद करू नका. उन्हाळ्यातील मात्रेविषयी डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.